दुधाच्या गाडीतली रायफल

रायफल कधी दगा देत नाही, दगा देतो तो माणूस. हे वाक्य बळवंत तायडेनं आयुष्यभर इतक्यांदा म्हटलं होतं, की जयपुरातल्या मुरलीपुऱ्यातली त्याच्या गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. छाती पुढे काढून, मिशी नसताना मिशी पिळून, हिंदीतून. बळवंत हसायचा. त्याला वाटायचं, चला, पोरं काहीतरी चांगलं शिकली.

डिसेंबरात तेच वाक्य एका कागदावर टाइप होऊन त्याच्याच घरात आलं. खाली सही करायची होती ती त्याच्या पोरानं.

पोराचं नाव कौशिक. राज्याच्या एका सशस्त्र बटालियनमध्ये शिपाई. कागदावर लिहिलं होतं की, नोव्हेंबरात परराज्यात निवडणुकीच्या बंदोबस्तावर असताना जंगलात नक्षलवाद्यांचा हल्ला झाला, तेव्हा शिपाई कौशिक तायडे याची रायफल बंद पडली ती त्यानं तिची साफसफाई न केल्यामुळे. रायफलीत कोणताही दोष नव्हता. शिपाई आपल्या जखमी साथीदाराला गाडीत सोडून बाहेर पडला. साथीदार दशरथ याचा मृत्यू झाला. शिपायाला चूक मान्य आहे.

"सोमवारी सही मागितलीय," कौशिक म्हणाला. "साहेब बोलले, केली तर छोटी सजा. मतलब, नोकरी राहील. नाही केली तर चौकशी लांब जाईल, आणि मग पळपुटेपणाचं कलम लागेल."

"चूक केली का तू?" बळवंतनं विचारलं.

कौशिकनं कागदाची घडी घातली.

"मी विचारून राहिलो. साफ केली होती का रायफल?"

"नळी केली होती. गॅसवाला भाग निघत नव्हता, बाबा. जाम होता. शस्त्रागारवाला बोलला, चल जाएगी, परेड में चली है."

"त्यानं म्हटलं अन् तू मानलं? ती तुही रायफल होती का त्याची?" बळवंतचा आवाज चढला. "चूक केली तर कबूल कर. जवान आहेस. सही कर अन् मोकळा हो."

स्वयंपाकघराच्या दारात मीराबाई उभी होती. ती म्हणाली, "पोरगं मरून आलं असतं तर कोणाची सही घेतली असती हो तुमी? माही?"

बळवंतनं तिच्याकडे पाहिलं नाही.

बळवंतचं हे रायफलप्रेम उगाच नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून तो अठराव्या वर्षी महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. हातात पडली ती एसएलआर. लांब, लाकडी दस्त्याची, भरली की खांदा दुखवणारी. घोडा एकदा ओढला की एक गोळी, आणि पुढची गोळी ती आपोआप भरून घेणार. तिच्या जोरावर त्यानं पूंछच्या डोंगरात बर्फात दिवस काढले. या डोंगरावरून त्या डोंगरावर गोळी जायची आणि जिथं पाठवली तिथंच जायची. आडोशाला माणूस बसला तर आडोशासकट जायचा. एकदा देवदाराच्या बुंध्यामागून गोळ्या येत होत्या, बळवंतनं बुंध्यावरच नेम धरला. पुढे काय झालं ते तो सांगायचा नाही. फक्त म्हणायचा, "झाड मधात असून नसल्यासारखं." नव्या हलक्या बंदुकांना तो हसायचा. त्यांची गोळी म्हणजे म्हणे फुटाणा.

फौज सुटल्यावर माजी सैनिकांच्या कोट्यातून रेल्वेत लागला, बदली होऊन जयपुरात आला, आणि इथंच निवृत्त झाला. सीकर रोडच्या आत, लेथ आणि वेल्डिंगच्या दुकानांच्या मागे दोन खोल्या बांधल्या. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि रेजिमेंटमधला एक फोटो. फोटोत बळवंतपेक्षा रायफल जास्त स्पष्ट दिसते.

कौशिक असल्या घरात वाढला. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरी आईबापाची वऱ्हाडी, आणि त्याच्या तोंडात सगळ्याची खिचडी. पण हे एक वाक्य त्याला लहानपणापासून शुद्ध पाठ होतं. म्हणूनच तो बापाला पुढचं काही सांगू शकत नव्हता. जंगलातून आल्यापासून तो एकच करायचा. खाटेवर बसायचा, आणि डाव्या हाताची मूठ मागे ओढायचा. पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

बटालियनमध्ये तर आणखी एक गोष्ट चालली होती, आणि ती कोणी कागदावर लिहिणार नव्हतं. दसऱ्याला शस्त्रपूजा होते. चौरंगावर रायफली मांडतात, दूध-पाण्यानं धुतात, तूप लावतात, कुंकू, अक्षता, हार, मौलीचा लाल धागा. कौशिक त्या दिवशी सुट्टी घेतो. त्या दिवशी तायडेंच्या घरचे विहारात जातात, पांढरे कपडे घालून, सगळी जयपुरातली रेल्वेची मंडळी जमतात. दरवर्षीचं आहे. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. पण दशरथ मेल्यावर बराकीत सुरू झालं : "पूजा में नहीं आया था ना तायडे. रूठ गई रायफल."

हसत म्हणायचे. हसत म्हटलं की कोणालाही काहीही म्हणता येतं.

आणि खरं काय होतं? बंदोबस्ताला निघताना कौशिकला त्याची नेहमीची रायफल मिळालीच नाही. जी मिळाली ती बापाच्या वेळचीच एसएलआर, चौरंगावर मधोमध ठेवलेली, पूजेची. सगळ्यात चकचकीत होती म्हणून मधोमध. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि ती तशीच उचलून कपाटात ठेवली. या रायफलीची एक गंमत आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा धूर नळीवरच्या एका बारीक भोकातून मागे येतो आणि तो धूरच पुढची गोळी भरतो. ते भोक बुजलं की रायफल फुटत नाही, मरत नाही, फक्त पुढची गोळी भरायची बंद होते. दर गोळीला बाजूचा खटका हातानं मागे ओढा. कौशिकनं नंतर, सगळं संपल्यावर, तो भाग दगडानं ठोकून काढला. आत तूप आणि कुंकू मिळून काळा लगदा वाळला होता, आणि त्यात तांदळाचा एक दाणा.

जिची सगळ्यात जास्त पूजा झाली तीच अडकली. आणि शिव्या कोणाला? जो पूजेला नव्हता त्याला. पूजा करणाऱ्यांनी पूजा जरूर करावी. पण ज्या हातानं कुंकू लावलं त्याच हातानं नंतर फडकं घ्यायला काय होतं? दूध वाहायला पन्नास जण, पुसायला एक नाही. आणि ज्या रायफली बळवंतच्या जवानीत म्हाताऱ्या व्हायला लागल्या होत्या, त्या त्याच्या पोराच्या हातात देऊन जंगलात कोणी पाठवलं, हा प्रश्न तर त्या कागदात कुठंच नव्हता. कागदावर रायफल कायम निर्दोष असते. तिला दोष दिला तर वरपर्यंत सह्या शोधाव्या लागतात. शिपायाला दिला तर एकाच सहीत काम भागतं.

कौशिकनं हे सगळं बापाला सांगितलं होतं. भोक, कुंकू, तांदळाचा दाणा, सगळं. बळवंत म्हणाला, "म्हंजे साफ नव्हती. म्हंजे माणसाचीच चूक." आणि विषय संपला.

शनिवारी दुपारी गल्लीत दुधाची व्हॅन येऊन थांबली. पांढरी, पत्रा गंजलेली, मागच्या काचेवर गाईचं चित्र. तिच्यातून बापू उतरले. दशरथचे वडील. सगळा सीकर रोड त्यांना बापूच म्हणतो. चौमूच्या अलीकडच्या ढाणीतून, म्हणजे शेतातल्या वस्तीतून, रोज शहरात दूध घालतात. डोक्यावर पांढरा साफा होता, मुलाच्या दुखवट्याचा.

बळवंतनं त्यांना खाट दिली. मीराबाईनं चहा ठेवला. चहा कोणी उचलला नाही.

"तायडेजी," बापू म्हणाले, "मैं लड़ने नहीं आया. साब बोले, तेरा छोरा गाड़ी में पड़ा था, और तायडे का छोरा दूसरी तरफ से उतर गया. मुझे बस यही पूछना है. छोड़ के गया था क्या?"

बळवंतनं पोराकडे पाहिलं. त्या नजरेत तोच प्रश्न होता, आणि ते कौशिकला बरोबर दिसलं.

"बोल ना," बळवंत म्हणाला. "त्यायच्या पोराचं आहे. त्यायले सांग."

"कैसे बताऊं," कौशिक म्हणाला. त्याचा हात मागे गेला, मूठ वळली, पुढे आली. मग तो उठला. पलंगाच्या कोपऱ्यात मच्छरदाणीचे लाकडी दांडे उभे केले होते, त्यातला एक त्यानं घेतला. बापाच्या हातात दिला.

"बाबा, हा एसएलआरएवढाच आहे?"

बळवंतनं दांडा तोलला, खांद्याला लावला. सवय जात नाही. "थोडा लांब. चार बोटं."

"चालेल. चला. बापू, आप भी आइए. गाड़ी में."

व्हॅनच्या मधल्या सीटवर रिकाम्या कॅन रचल्या होत्या. कौशिकनं त्या गल्लीत उतरवून ठेवल्या. शेजारचा वेल्डर हातातला मुखवटा वर करून बघत राहिला. मीराबाई ओट्यावर आली.

"ऐसी ही गाड़ी थी, बापू. दशरथ यहां था," कौशिकनं डावीकडची जागा दाखवली. दरवाज्यालगतची.

बापू क्षणभर थांबले. मग साफा सांभाळत वाकून आत शिरले आणि मुलाच्या जागेवर बसले.

"बाबा, तुम्ही उजवीकडे. माझ्या जागी. रायफल पायांच्या मधे, उभी. मागे दोन मास्तर होते, निवडणुकीच्या ड्युटीचे. पुढे ड्रायव्हर."

बळवंत बसला. दांडा पायांच्या मधे उभा धरला. वरचं टोक छताला लागलं. त्यानं खालचं टोक पुढे सरकवलं, तर ते समोरच्या सीटला अडलं. शेवटी तिरपा धरला, तेव्हा कुठं मावला.

"असाच बसला होतास?" त्यानं विचारलं.

"असाच. सगळा रस्ता. दशरथ पण तसाच. तो बोलत होता, घरी गेल्यावर पहिलं काय खाणार ते."

"क्या बोला था?" बापूंनी विचारलं.

"बाजरे की रोटी और कढ़ी. बोला, मां के हाथ की, पड़ोस वाली के हाथ की नहीं."

बापूंच्या तोंडातून एक आवाज आला. हसण्याचा असावा. "पड़ोस वाली नमक ज्यादा डालती है."

कौशिक बाहेर, डाव्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला. गल्लीच्या पलीकडच्या भिंतीपाशी. गल्ली अरुंद, हात लांब केला तर जवळजवळ गाडीला लागेल इतकी.

"इथून गोळ्या आल्या. याच्यापेक्षा थोडं लांब. झुडपं होती, माणसं दिसत नव्हती. त्यांच्याकडं छोट्या बंदुका, धडधड चालणाऱ्या. पहिल्या झटक्यात दशरथला लागली. तो दरवाज्यावर पडला. बापू, खिड़की पर टिक जाइए. ऐसे."

बापूंनी डोकं काचेला टेकवलं.

"आता मारा, बाबा," कौशिक म्हणाला. "मी इथं आहे. तुमच्या समोर. मला मारा."

बळवंतनं दांडा उचलला. आयुष्यभराची सवय, हात आपोआप हलले. टोक खाली आणलं, डावीकडे वळवलं, खांद्याला लावायला गेला. दस्ता मागे जाईना. कोपर उजव्या दरवाज्यावर आपटलं. त्यानं अंग पुढे केलं, तर टोक छताच्या पट्टीत अडकलं. ओढून काढलं, पुन्हा वळवलं. दांडा आडवा झाला आणि बापूंच्या छातीवर जाऊन टेकला. तिथून पुढे जाईना. पुढे बापूंचा खांदा, खांद्यामागे काच, काचेपलीकडे कौशिक.

बळवंत तसाच राहिला. दांड्याच्या एका टोकाला त्याचा हात, दुसऱ्या टोकाला बापूंची छाती.

बापूंनी डोळे मिटले होते. त्यांनी हात वर आणला आणि दांडा छातीपाशी धरला.

"यहीं थी?" त्यांनी विचारलं.

"हां बापू. यहीं."

"गोली चला देता," बापू म्हणाले.

"आपके बेटे के आर-पार जाती, बापू," कौशिक म्हणाला. "वो गोली रुकती नहीं. पेड़ से नहीं रुकती."

गल्लीत वेल्डरनं मशीन बंद केलं होतं. सीकर रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे येत होते.

झाड मधात असून नसल्यासारखं. हे बळवंतला आठवलं की नाही, त्यानं पुढे कधी सांगितलं नाही. पण दांडा त्यानं सोडला नाही आणि खालीही आणला नाही. बापूंनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं.

"छोटी बंदूक असती तर?" बळवंतनं विचारलं. पोराला विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

"दशरथच्या पोटावरून खाली घेऊन खिडकीतून काढली असती. त्यांच्यासारखी, धडधड. नेम नसता, पण त्यांनी डोकी तरी खाली घातली असती." कौशिक जवळ आला. "मग मी तुमच्या बाजूच्या दरवाज्यातून उतरलो. चाकामागे गेलो. पहिली गोळी झाडली. साजाचं मोठं झाड होतं, मागून एक जण मारत होता. गोळी झाडातून गेली, बाबा. तुम्ही सांगायचा तशी. तो आवाज बंद झाला. ती रायफल चांगली होती. मी खोटं नाही बोलणार. मग ती अडकली. मग मी हातानं. एक, ओढ. एक, ओढ. ते लोक मागे गेले. त्यांना वाटलं असेल बरेच जण आहेत, आवाज मोठा आहे ना तिचा. दोन्ही मास्तर जिंदा आहेत. पण ते व्हायला वेळ गेला. छोटी बंदूक असती तर एवढा वेळ गेला नसता. मी आत आलो तेव्हा दशरथ..."

त्यानं बापूंकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, "छोड़ के नहीं गया था, बापू. आपके सामने से गोली चलाने की जगह ढूंढने गया था."

बापूंनी छातीवरचा दांडा हळूच बाजूला सारला. जणू झोपलेल्या माणसाचा हात. पण दांडा निघेना. एक टोक सीटच्या फटीत, दुसरं दरवाज्याच्या हँडलमध्ये. बळवंत ओढायला लागला तसा तो आणखी रुतला. दोन म्हातारे एका काठीमागे कोंडले गेले होते.

मीराबाई ओट्यावरून उतरली. डावा दरवाजा सरकवून तिनं टोक धरलं, आणि एका हिसक्यात दांडा बाहेर काढला.

"ही घेऊन पाठवलं होतं पोरायले," ती म्हणाली. "गाडीत मावत नाई ते घेऊन."

तिनं दांडा गल्लीत टाकून दिला. कोणी उचलला नाही.

बळवंत गाडीतून उतरला. घरात गेला. तो कागद आणला आणि कौशिकच्या हातात दिला. सहीची जागा कोरीच होती.

"नको करू," तो म्हणाला.

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. तुही चूक असती तर मीच हात धरून सही करवली असती. म्या बसून पाह्यलं ना आता." त्याला पुढचं वाक्य जड गेलं. "तुह्या जागी म्या बसलो. मलेबी नाई जमलं."

कौशिकनं बापाकडे पाहिलं. असं वाक्य त्यानं या घरात कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी बापूंनी दूध लवकर घातलं आणि व्हॅन घेऊन आले. म्हणाले, "मैं ले चलूंगा." कौशिक मधल्या सीटवर बसला, डावीकडे, दशरथच्या जागी. बळवंत पुढे.

बटालियनच्या फाटकाशी त्यांना थांबवलं. कौशिक एकटा आत गेला. छापील कागद त्यानं परत दिला आणि स्वतःच्या हातानं लिहिलेलं बयान ठेवलं. झाडापार गेलेली गोळी लिहिली, छातीवर टेकलेली रायफल लिहिली, तांदळाचा दाणा लिहिला. शस्त्रागारात काय उत्तर मिळालं तेही. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "तू समझता है तू क्या कर रहा है?" कौशिक म्हणाला, समझता हूं. त्याला त्याच दिवशी निलंबित केलं. चौकशी आता लांब चालणार.

पण ते बाहेर अजून कोणाला माहीत नव्हतं. बाहेर थंडी होती. बळवंत आणि बापू फाटकालगतच्या कडुनिंबाखाली उभे होते. समोर पहाऱ्यावर एक तरुण शिपाई, नुकती मिसरूड फुटलेला, खांद्याला एसएलआर. लाकूड पॉलिश केलेलं, लोखंड चमकतंय. नळीला दसऱ्याचा लाल धागा अजून बांधलेला, आता गुलाबी पडलेला.

इतर वेळी अशी रायफल दिसली की बळवंत ताठ व्हायचा. पहाऱ्यावरच्या पोराला म्हणायचा, शाब्बास, छान राखलीस. आज तो जवळ गेला, पण ताठ झाला नाही. थोडा वाकून त्यानं धागा पाहिला, धाग्याखालचं लोखंड पाहिलं.

"बेटा," तो म्हणाला, "इसका गैसवाला छेद खोल के देखा है?"

पोरगं हसलं. "चलती है ताऊ. परेड में चली है."

उत्तर दिलं ते बापूंनी, झाडाखालूनच, आवाज न चढवता.

"म्हारे छोरे के साथवाले को भी यही बोला था."

पोराचं हसू ओठावरच राहिलं. मग त्यानं खांद्यावरून रायफल उतरवली, फाटकाच्या खांबाला टेकवली, आणि दातानं त्या धाग्याची गाठ सोडायला लागला.